टिंबाच्या आधीचं शून्य

रशीदभाऊ, तुम्ही गेलात त्या दिवशी गडचांदूरला तुमच्या घरी मी बायकांमध्ये बसले होते. सगळ्या रडत होत्या. मी रडत नव्हते. मी तुमच्या लोखंडी कपाटाकडे बघत होते. त्या कपाटात एका कागदाची झेरॉक्स असेल का, असेल तर ती आता कोणाच्या हाती पडेल, एवढंच माझ्या मनात चाललं होतं. तुमचं जाणं मला त्या दिवशी पोचलंच नाही. अकरा वर्षांचा संशय मध्ये उभा होता, त्याच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं.

हे तुम्हाला सांगायला लाज वाटते. पण तुमच्याशी खोटं बोलण्यात आता काय अर्थ आहे?

आपण एकोणीस वर्षं एका आरोग्य केंद्रात काढली. तुम्ही औषधांच्या खिडकीमागे, मी समोरच्या खोलीत लसी, गरोदर बाया आणि रजिस्टरं घेऊन. पहिल्या आठवड्यातच तुम्ही माझं रजिस्टर हातात घेतलंत आणि लाल पेनानं एक गोल केलात. मी एका बाळाचं वजन ‘3Kg.’ असं लिहिलं होतं.

“सिस्टरबाई, हा मोठा K कायचा?”

“किलोचा.”

“मोठा K तापमानाचा असते. केल्विन. किलोचा k लहान. अन् आकडा आणि kg च्या मधात जागा सोडाची. अन् पुढं टिंब कायले देल्लं? हे चिन्ह आहे, शब्द तोडून थोडी लिवला.”

मी म्हटलं, “बाळाचं वजन तीन किलो आहे, हे तर कळलं ना तुम्हाला?”

“मले कळलं. पन वाचनारा दर वेळी मीच असन काय?”

तेव्हाच मनात आलं, हा माणूस माझ्यावर नजर ठेवायला बसला आहे. माझ्या आधी इथली जागा दोन वर्षं रिकामी होती. मी नवी, गावाबाहेरची, आणि हा दर सोमवारी माझी रजिस्टरं चाळतो. याला कोणी सांगितलं असेल? कोणाला जाऊन सांगत असेल? मग हळूहळू कळलं की तुम्ही साऱ्या जगाचीच तपासणी करत होता. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर ‘50 Kg’ दिसलं की तेवढा तुकडा फाडून खिशात घालायचे. कोरपन्याच्या रस्त्यावर ‘KM’ लिहिलेल्या पाटीसमोर गाडी थांबवून मागे बसलेल्या माणसाला समजवायचे की मोठा M म्हणजे दहा लाख. किराणा दुकानात ‘500 gms’ वरून वाद. लोक हसायचे. मीही हसायचे. पण माझं हसणं साधं नव्हतं. एवढा काटेकोर माणूस मनात काहीतरी लपवून असतो, असं माझं मत होतं.

सगळ्यात मोठं भांडण टिंबावरून. मी अर्धा मिलिलिटर ‘.5’ असा लिहायचे. शाळेपासून तसंच. तुम्ही म्हणायचे, “टिंब एकटं सोडू नका, बाई. त्याच्या आधी शून्य पायजेच. टिंब पुसलं तर अर्ध्याचे पाच होते.” मी म्हणायचे, “माझ्या आजवरच्या नोकरीत कोणाचे झाले नाहीत.” दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावरच्या कागदांवर तुमच्या लाल पेनाची बारकी शून्यं उमटलेली असायची. तुमचं शून्य अरुंद, अंड्यासारखं, उजवीकडे जरा झुकलेलं. ते मी कुठेही ओळखलं असतं. पुढे ओळखलंही.

वरच्या गुड्यात, डोंगरावरच्या त्या आदिवासी पाड्यात, लसीकरण होतं तो दिवस तुमच्याही शेवटपर्यंत लक्षात असणार. ताप आला तर द्यायच्या थेंबांच्या बाटल्या मी सकाळी घाईत तुमच्या कपाटातून उचलल्या. तुम्ही अजून आला नव्हतात, म्हणून त्यांवर तुमच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या नव्हत्या. अंगणवाडीत बसून मीच कागदाचे तुकडे करून लिहिले आणि बाटल्यांसोबत दिले. मैना मडावीच्या अडीच महिन्यांच्या पोरीला, सोनूला, पहिली लस टोचली. मैनाच्या हातात चिठ्ठी दिली: ‘.5 ml दिवसातून तीनदा’. मैना सातवीपर्यंत शिकलेली. तिनं चिठ्ठी मोठ्यानं वाचलीसुद्धा, पण मी तोवर पुढच्या बाळाची मांडी पुसत होते. तिनं काय वाचलं ते मी ऐकलं नाही.

बाटलीतला ड्रॉपर फुटका निघाला. घरात खोकल्याच्या औषधाचं झाकण होतं, त्यावर पाचाची रेघ होती. मैनानं त्या रेघेपर्यंत भरलं. दुपारी, संध्याकाळी, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे.

सकाळी तिचा नवरा लच्छू चालत खाली आला. तुमच्या खिडकीत रिकामी बाटली ठेवून म्हणाला, “सपली. दुसरी द्या.”

मी समोरच्या खोलीतून पाहत होते. तुम्ही बाटली उचलली नाही. तिच्याकडे पाहत राहिलात.

“कधी देल्ली होती?”

“काल.”

“सांडली काय?”

“नाई जी. पाजली.”

“पंधरा ml आहे ह्याच्यात. तीस वेळा पुरते हे. तुमी किती वेळा पाजली?”

“तीन.”

दुसऱ्या कोणी नवी बाटली दिली असती, रशीदभाऊ. मीच दिली असती. तुमचा तो संशयी स्वभाव, ज्याचा मला राग यायचा, त्यानं त्या पोरीचा जीव वाचवला. तुम्ही माझ्याकडे वळून एवढंच म्हणालात, “सिस्टरबाई, गाडी काढाले सांगा. वरच्या गुड्यात.” आणि लच्छूला मोटारसायकलवर बसवून पुढे निघून गेलात. ‘कोणी लिहिलं’ हे विचारलं नाहीत.

सोनू उलट्या करत होती, मान टाकत होती. चंद्रपूरला नेलं. नेमकं काय पोटात गेलं आणि किती, हे तुम्ही कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात दिलंत, म्हणून उताऱ्याचं औषध लगेच सुरू झालं. आठ दिवसांनी पोरगी घरी आली. ते आठ दिवस मी जेवले की नाही, मला आठवत नाही.

चौकशीला साहेब आले तेव्हा ती चिठ्ठी फाईलला टाचलेली होती. तुम्हीच ती मैनाच्या घरून आणून दिली होती. साहेबांनी फाईल माझ्यासमोर फिरवली.

“हे तुमचं अक्षर?”

अक्षर माझं होतं. पण टिंबाच्या आधी एक शून्य होतं. अरुंद, अंड्यासारखं, उजवीकडे झुकलेलं. या वेळी निळ्या शाईत.

मी म्हटलं, “हो.”

“0.5 स्वच्छ लिहिलेलं आहे. आईनं वाचलं नाही नीट.” साहेबांनी तसंच लिहिलं, पालकांचं अज्ञान. मैनाला बोलावलंही नाही. तुम्ही दारापाशी उभे होता. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही बाहेरच्या नळाकडे पाहत होता.

एका शब्दाचं काम होतं. मी तो बोलले नाही. तुम्हीही बोलला नाहीत. आयुष्यभर लोकांच्या पाट्या दुरुस्त करणारा माणूस खोटं शून्य लिहून आला होता, आणि ते खोटं मला सोयीचं होतं.

त्या दिवसापासून मी तुमच्याकडे साध्या नजरेनं पाहिलं नाही. का केलं असेल यानं? माझ्यासाठी? माझ्यासाठी एवढं करावं असं आपल्यात काय होतं? की स्वतःसाठी, कारण चिठ्ठी न लावलेली बाटली तुमच्या कपाटातून गेली होती? की मला कायमचं मुठीत ठेवायला? शून्य टाकण्याआधी तुम्ही त्या कागदाची झेरॉक्स काढून ठेवली असणार, हे मी मनाशी धरूनच चालले. तुम्ही साठ्याच्या कागदावर माझी सही मागितली की मी तीन-तीनदा वाचायचे. तुम्ही चहा पुढे केला की वाटायचं, आज काय काढणार हा? ईदला शीरखुर्मा पाठवायचे, तो खातानाही तोच विचार. तुम्ही कधीच काही काढलं नाहीत, काही मागितलं नाहीत, त्यानं तर संशय आणखी वाढला. थांबणारा माणूस कशाची तरी वाट पाहत असतो, असं मी स्वतःला सांगायचे.

एवढं मात्र झालं की माझी शून्यं सुरू झाली. kg लहान झाला. आकडा आणि चिन्हात जागा पडू लागली. केंद्रातले म्हणायचे, रशीदभाऊनं सिस्टरले सुधरवलं. तुमचा लाल पेन माझ्या रजिस्टरवर परत चालला नाही. मला तो हवा होता, हे कोणाला सांगणार?

आपली शेवटची भेट तुमच्या घरी. तुमची किडनी थकली होती, हाताला सलाईन लावलेलं. शबानाभाभी आत गेल्या तसे तुम्ही म्हणालात, “सिस्टरबाई, एक बात बोलाची राह्यली.” मी खुर्ची मागे सरकवली. तुम्ही ते पाहिलंत. हो, पाहिलंतच. मग तुमची नजर वर सलाईनच्या बाटलीकडे गेली आणि तुम्ही म्हणालात, “पाहा, इथी ml चा m मोठा छापला. आता ह्याले काय म्हनाचं?” मी हसले. सुटल्यासारखी हसले. निघताना तुम्ही म्हणालात, “येत जा.” मी आले ती तुम्ही गेल्यावर.

दहा दिवसांनी परत गेले. भाभींना म्हटलं, केंद्राचे काही कागद घरी राहिले असतील तर पाहू का? कसलं निमित्त काढलं मी, पाहा. भाभींनी काही न विचारता कपाट उघडलं. दोन स्वेटर, चष्म्याचं घर, आणि एका पिशवीत पोत्यांचे, डब्यांचे, खोक्यांचे फाडलेले तुकडे. ‘50 Kg’, ‘1 Ltr.’, ‘200 gms’. प्रत्येकावर लाल गोल. मी एकेक तुकडा उलटून पाहिला. माझी चिठ्ठी त्यात नव्हती. तिची झेरॉक्स नव्हती. मी खालच्या कप्प्यात हातसुद्धा घातला.

भाभी मागून म्हणाल्या, “सिस्टर, वरच्या गुड्यातल्या मैनाबाईले कोनी सांगतलं काय? हे दरसाल जात होते न तिच्याकडं. ती वाट पाहत असन.”

दरसाल? मला अकरा वर्षांत हे माहीत नव्हतं. आणि खरं सांगते, पहिला विचार वाईटच आला. तिचं तोंड बंद ठेवायला जात होता का? काय सांगून?

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी गुड्यात गेले. मैना अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी सांगितलं, रशीदभाऊ गेले. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती उठली आणि मला दाराच्या चौकटीपाशी घेऊन गेली. चौकटीवर कोळशानं लिहिलेले आकडे होते, खालून वर. 7 kg. 9 kg. 11 kg. शेवटचा 27 kg. प्रत्येक k लहान, मध्ये नीट जागा. “दरसाल काटा घेऊन यायचे,” ती म्हणाली. “सोनूले तोलून लिवून जायचे.”

मी अंगणातच बसले. “मैना,” मी म्हटलं, “त्या चिठ्ठीवर शून्य नव्हतं. मी लिहिलं नव्हतं.”

“मले माईत आहे, बाई.”

“कसं?”

“मले वाचता येते न. नव्हताच तिथी झिरो. टिंब तं मले कागदाचा डागच वाटला.” मग ती सावकाश म्हणाली, “अन् भाऊनं सांगतलं होतं. सोनूले घरी आनली त्याच्या दुसऱ्याच दिवशी आले. इथीच बसले, खाली. म्हने, मैना, झिरो म्यां लिवला. आता आळ तुह्यावर आला. तू म्हनशीन तं उद्याच साहेबाले जाऊन सांगतो.”

“मग?”

“मी इचारलं, काऊन लिवला? तं म्हने, सिस्टर निघून गेली तं इथी परत कोनी येनार नाई. मागं दोन साल जागा खाली होती तवा गुड्यातल्या दोन बाया बाळंतपनात गेल्या. एक माही मोठी जाऊ होती.” तिनं शेंगा पुन्हा हातात घेतल्या. “म्यां एक दिवस इचार केला. मंग मीच म्हनलं, राहू द्या, भाऊ.”

रशीदभाऊ, मला वाटत होतं की निकाल तुम्ही दिला आणि मी तो घेतला. निकाल या बाईनं दिला होता. तेव्हा ती जेमतेम वीस वर्षांची असेल.

“तुम्हाला काही त्रास झाला?” मी विचारलं. किती बावळट प्रश्न.

तिनं आत पाहिलं, आवाज खाली केला. “सासूनं तवापासून मले कोनाले औषध पाजू देल्लं नाई. सोनूचं औषध सासू पाजे, मंग देवर. सोनूचा भाऊ झाला, त्याच्या तोंडात म्यां कधी एक थेंब टाकला नाई. लोकायसमोर म्हने, हिच्या हातात इष आहे. भाऊ दर खेपी म्हनत, मी तुह्या सासूले सांगतो. म्यांच नको म्हनलं. सासूले सांगतलं म्हंजे बजारात सांगतलं, मंग तुमची नोकरी राहे काय?”

तेव्हा मला रडू आलं. तुमच्यासाठी, तिच्यासाठी, कोणासाठी ते कळलं नाही. आणि त्यातच रागही आला. तुम्ही तिला सांगितलंत. दरसाल तिच्या दारात बसलात. मी समोरच्या खोलीत होते, दहा पावलांवर, आणि मला एक शब्द नाही. का? हा प्रश्न मी गुड्यातून उतरता उतरता शंभर वेळा तुम्हाला विचारला. मग उत्तर सुचलं, ते खरं की खोटं मला ठरवता येत नाही. तुम्ही त्या दिवशी दारापाशी उभे राहून मला संधी दिली होती. मी ‘हो’ म्हणाले. त्यानंतर संशय फक्त मीच धरला असं कशावरून? ही बाई कधी खरं बोलेल का, असा तुम्हीही धरला असेल. मी तुमच्याकडे अकरा वर्षं जसं पाहिलं, तसंच तुम्ही माझ्याकडे पाहिलं असेल. आणि तुमचा संशय बरोबर होता.

की ‘एक बात बोलाची राह्यली’ ती हीच होती? ती मी खुर्ची मागे सरकवून घालवली.

शून्य टाकायला नको होतं, असं मी आज ठामपणे म्हणू शकत नाही. ठीक केलंत, असंही म्हणवत नाही. हे आपलं भांडण राहिलं. तुम्ही असता तर आपण ते चहावर पुढे चालवलं असतं. चिठ्ठी माझी होती, शून्य माझं नव्हतं, असा अर्ज मी कार्यालयात दिला आहे. बाबूनं तो उलटून पाहिला आणि म्हणाला, इतक्या जुन्या फाईलचं काय करू, बाई? मी पोच घेतली. पुढं काय व्हायचं ते होईल. मला निवृत्तीला दीड वर्ष आहे.

पण अर्ज नंतरचा. त्या सकाळी मी मैनाला विचारलं, “आता सांगू का तुमच्या सासूला?”

ती म्हणाली, “सांगा. आता सांगा.”

सासू मागच्या पडवीत बाजेवर होती. म्हातारीची छाती भरलेली, बोलताना दम लागत होता. मी तिच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. चिठ्ठी मी लिहिली. टिंब मी एकटं सोडलं. जे लिहिलं होतं तेच मैनानं वाचलं, आणि तेवढंच पाजलं. तिची चूक नव्हती, माझी होती. लच्छूही येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. म्हातारीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. मला वाटलं, शिव्या देईल. मी त्या घ्यायला बसलेच होते.

तिला खोकल्याची उबळ आली. लच्छू फळीवरून औषधाची बाटली काढायला गेला. म्हातारीनं हातानं त्याला थांबवलं.

“तू नोको,” ती म्हणाली. “तिले दे.”

मैना जागची हलली नाही. लच्छूनं बाटली तिच्या हातात ठेवली. तिनं बाटलीवरची चिठ्ठी वाचली, मग झाकण उजेडाकडे धरून रेघ पाहिली, आणि भरलं. म्हातारीनं तोंड उघडलं आणि डोळे मिटून औषध घेतलं.

मी हे पाहिलं, रशीदभाऊ. तुम्हाला पाहता आलं नाही, म्हणून सांगते आहे.